बॅटरी धरनारीचा हात

माजा उजवा गुडघा पुन्हा दुखायला लागला, तवा शेजारच्या मिस्तरींनी मला डॉक्टरकडं जाऊ दिलं न्हाई. "आक्का, बसा पायरीवर," म्हनले. खिशातनं स्क्रू फिरवायचा लांब डिसमिस काढला, त्याचं टोक लुगड्यावरनं माज्या गुडघ्याला टेकवलं आन लाकडी मूठ आपल्या कानाला लावली.

"आता पाय हालवा."

म्या हालवला. मिस्तरी डोळे झाकून ऐकत बसले, जसं काय आत कुनी भजन म्हनतंय. मंग डिसमिस पायजम्याला पुसला, खिशात घातला आन म्हनले, "बेरिंग गेलं."

"मंग आता?"

"आता काय. कंपनीनं माल चांगला दिला हुता. तुमी लोड जास्त टाकला."

एवढं मातर खरं बोलले. लोड मी टाकलाच हुता. आमचं गाव वर माळाला. पाऊस झाला तर बाजरी, न्हाई झाला तर दसऱ्यानंतर बिऱ्हाड गाडीत टाकायचं आन कोपरगावच्या अंगाला कारखान्याचा ऊस तोडायला जायचं. तिथं मानसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. नवरा आन बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आन फळीवरनं चढून ट्रॉलीत टाकायची. एका हंगामात भरलेली ट्रॉली कलंडली आन माजे मालक तिच्याखाली गेले. मी अर्धा कोयता ऱ्हायले. अर्ध्या कोयत्याला मुकादम लवकर घेत न्हाई. तरी भावाच्या टोळीसंगं काई हंगाम काढले, लेक कर्जतला दिली, आन मंग गुडघ्यानंच सांगितलं की बाई, आता पुरं.

तवा शेवगावला आले. मार्केटात कांदा निवडायचं काम मिळालं. ऱ्हायला जागा बघत फिरत हुते, तर कुनीतरी मिस्तरींच्या शेडला लागून असलेली पत्र्याची खोली दाखवली. म्या भाड्याचं इचारलं. मिस्तरींनी उलट मलाच इचारलं, "भाकर थापता येती का?"

"येती."

"कडा चिरतात का?"

"न्हाई चिरत."

"झालं मंग. टाका सामान."

सामान म्हंजी एक गोधडी, चार भांडी आन एक तांबडी कोंबडी. मिस्तरींची बायको आधीच वारली हुती आन पोरगा पुन्याला. मी सकाळ-सांज भाकर करून द्यायची, त्यांनी मला कधी भाड्याचा शबुद काढायचा न्हाई, असं आमचं सुरू झालं.

मिस्तरी पान्याच्या इंजनाचे कारागीर. हिरीवर जवा डिझेलची इंजनं फकफकायची, तवा बांधावर उभं राहून नुसत्या आवाजावरनं सांगायचे म्हनं, कुनाच्या इंजनाला काय झालंय. म्या ते बघितलं न्हाई. म्या बघितलं ते म्हातारपन. पन डिसमिस कानाला लावायची खोड तेवढीच हुती. घड्याळाला लावायचे, नळाला लावायचे, एकदा माज्या कोंबडीला लावला. म्हनले, "उद्या अंडं देईल." कोंबडीनं अंडं दिलं न्हाई. मिस्तरी म्हनले, "कोंबडीची चूक."

त्यांची स्वतःची चूक कधी नसायचीच. एक तर कंपनीची, न्हाईतर कोंबडीची.

आन एक नेम हुता. जोडलेली वस्तू घरात घ्यायची न्हाई. सायकल सुटी आनून जोडली, कूलर सुटा आनून जोडला. कुनी तयार वस्तू दिलीच, तर आधी ती सोडायची. सुनंनं पुन्यावरनं मिक्सर धाडला. दुसरं कुनी असतं तर आधी चटनी वाटली असती. मिस्तरींनी मिक्सर सोडला, पोत्यावर मांडला, पुन्हा जोडला, तर एक स्क्रू उरला.

"मिस्तरी, ह्यो ऱ्हायला."

"ऱ्हायला न्हाई. जास्तीचा हाय. कंपनीला भ्या असतं, म्हनून जास्तीचं देती."

असल्या जास्तीच्या वस्तूंचा त्यांच्याकडं अख्खा डबा हुता. मिक्सर मातर तवापासून ओट्यावरनं चालायला लागला. एका हातानं मी त्याचं मुंडकं धरायची आन दुसऱ्या हातानं शेंगदाने टाकायची. "मिस्तरी, ह्यो पळतो!" म्हनलं, तर बाहेरनं कौतुकानं म्हनायचे, "जोर लई हाय त्यात!"

आन तिसरी गोष्ट, कुनाला काय इचारायचं न्हाई. "इचारायचं न्हाई, उघडायचं," ह्ये त्यांचं बोलनं. यंत्राचं एक ठीक हाय, पन रस्ता कसा उघडनार? एकदा कोपरगावला भाच्याच्या लग्नाला गेले. कार्यालय कुठं, ते कुनाला इचारलं न्हाई. मांडव दिसला, शिरले. नवरदेवाच्या डोक्यावर अक्षदा टाकल्या, आहेर केला, जेवले. घरी आल्यावर भाच्याचा फोन, "मामा, का आला न्हाई?" मिस्तरींनी फोन ठिवला आन मला म्हनले, "तरी मला वाटलंच, नवरदेव जरा उंच दिसतोय."

म्या म्हनलं, "अवो, दारात एका शबदानं इचारायचं की."

"जेवन चांगलं हुतं," मिस्तरी म्हनले.

मंग दिवस पालटले. हिरीवरची इंजनं गेली, बोरमधी मोटारी बुडाल्या. पान्यात बुडालेल्या मोटारीला डिसमिस लावायचा कुठं? मिस्तरींना कुनी बोलावंना. शेडात बसून नट आवळायचे पाने पुसायचे, पुसलेले पुन्हा पुसायचे. पोराला काळजी वाटली. फोनवर म्हनला, "आन्ना, तयार लॅपटॉप धाडतो. नातू दिसंल, करमंल तुमाला."

"तयार?" मिस्तरींनी असं म्हनलं, जसं काय शिळं वाढतो म्हनलाय. "तयार नको. मोठा कंपूटर असतो टेबलावरचा, तो सुटा मिळतो का?"

"मिळतो, पन जोडनार कोन?"

"ठिव फोन," मिस्तरी म्हनले.

मंग सुरू झाल्या नगरच्या खेपा. एका खेपंला एकच वस्तू. एष्टीत मांडीवर घेऊन यायचे, लेकरू आनल्यागत. पयल्यांदा आला रिकामा डबा, पत्र्याचा, एका अंगाला काच. म्या म्हनलं, "ह्यात काय घालायचं? कोंबडी बसंल." तर खरंच तांबडी जाऊन बसली. दुसऱ्या दिशी मिस्तरींनी आत हात घातला तर अंडं. म्हनले, "बघा, सांगितलं हुतं न्हवं, देईल म्हनून?" मधी कितीतरी महिने गेले हुते.

मंग एकदा जड खोका आनला. "ह्यात काय हाय?" "ताकद हाय. लाईट इथनं सगळ्यांना वाटली जाती." मंग एक हिरवी फळी आनली. ती मला लई आवडली. बारीक बारीक घरं, रस्ते, टाक्या, टेकाडावरनं गाव दिसावं तशी. बर्फीच्या वडीएवढी एक चकती आनली, ते डोस्कं. कंगव्यागत पट्ट्या आनल्या, ती त्याची याद ठिवायची जागा. टेबलावर ठिवायला टीव्हीगत काच आनली, नातू दिसायला. हर खोक्यात एक कागुद निघायचा, चित्रांचा, बारीक अक्षरांचा. मिस्तरी तो न बघता माज्याकडं द्यायचे.

"घ्या, डब्याखाली अंथरा."

"अवो, वाचा की. जोडायचं कसं ते असंल त्यात."

"वाचनं म्हंजी इचारनंच."

पोरगा म्हनायचा, "आन्ना, मोबाईलवर दाखवतात जोडनी, ती बघा." तर, "बघनं बी इचारनंच."

शेडात दिसा बी अंधार. त्यामुळं बॅटरी धरायला मी. मार्केटातनं आले की हातपाय धुवायचे आन बॅटरी घेऊन उभं राहायचं. गुडघा ठनकायचा, पन सांगायची सोय नव्हती, लगेच डिसमिस काढायचे. "आक्का, उजेड माज्या हातावर नको, कामावर पाडा." "आक्का, हालू नका." "आक्का, श्वास जरा हळू घ्या." ती चकती बसवताना आमी दोघांनी श्वासच धरला हुता. मिस्तरींच्या हाताला कापरं हुतं, पन चकतीजवळ गेला की हात थांबायचा. तेवढं मातर बघावं असं हुतं. चकतीवर पांढरं मलम लावलं, वरनं पंखा बसवला.

फळी डब्यात बसवायच्या दिशी एक ल्हान पुडी निघाली. तिच्यात पितळंचे बारीक तुकडे, एका अंगाला पेच, एका अंगाला भोक. मिस्तरींनी तळहातावर घेऊन बघितले.

"ह्ये जास्तीचं."

"कशावरनं?"

"इंजन कसं, फाउंडेशनला घट्ट आवळायचं. मधी काय ठिवलं की हादरतं. ही फळी तशीच पत्र्याला आवळायची. घ्या तुमाला, पितळ हाय, चंचीत ठिवा."

म्या ठिवले, सुपारीच्या कप्प्यात. मिस्तरींनी फळी पत्र्याला अशी आवळली, जसं काय ती पळून जानार हाय. मागल्या अंगाला तारा खुपसायची भोकं डब्याच्या खिडकीला जुळंनात. "कंपनीची चूक," म्हनले आन कानस घेऊन खिडकीच घासली.

शेवटी एकदाचं सगळं बसलं. मिस्तरी म्हनले, आता नारळ, हळद-कुंकू. नवं यंत्र असंच सुरू करत न्हाईत, ही रीतच हाय. आळीतली मानसं जमली. समोर गिरनवाली ऱ्हाते, पिठाची गिरन हाय तिची. ती आली, तिची सासू आली. सासू बिचारी माज्यासारखीच, मोकळ्या कपाळाची. ती आपली दारातच थांबली. आमच्यासारख्यांना सांगावं लागत न्हाई कुठं थांबायचं ते. मोबाईलवर पोरगा आला, त्याला मिस्तरींनी पान्यांच्या फळीला टेकवून उभा केला.

गिरनवाली पदर सावरून म्होरं झाली. "आना मिस्तरीबाबा, मी लावते कुंकू."

"तू बॅटरी धरली का?"

"बॅटरी?"

"ज्यानं बॅटरी धरली, त्यानं कुंकू लावायचं आन त्यानंच चालू करायचं. माज्या सगळ्या इंजनांना हाच नेम. आक्का, या."

म्या म्हनलं, "मिस्तरी, काईतरीच काय. मला चालत न्हाई ते."

"कुनी सांगितलं?"

कुनी सांगितलं, काय सांगू? मालक गेल्यावर भावानं बैलजोडी आनली, तवा मी गोठ्याच्या मागं थांबले. गावात हिरीला पानी लागलं, समद्या बाया ओटी भरायला गेल्या, मी घरात राहिले. लेकीच्या लग्नात तिला हळद लावली जावा-भावजयांनी. हळद म्या दळली हुती, रातभर भिजवली म्या, पन लावायला मी न्हाई. मी चुलीपाशी बसून लांबनं बघितलं. लेक हळदीनं पिवळी झाली हुती आन माज्याकडं बघत हुती. म्या हातानंच खुनावलं, तिकडं बघ, समोर. त्याचं मला काई न्हाई. जगरहाटी हाय. पन एवढं झाल्यावर कुनी म्हनलं, या, कुंकू लावा, तर हात म्होरं जात न्हाई.

"मिस्तरीबाबा, मावशी न्हाई म्हनतात तर ऱ्हाऊ द्या की," गिरनवाली म्हनली. "शुभाचं काम हाय."

"आक्का," मिस्तरी म्हनले, "भाकर थापताना हात चालतो, बॅटरी धरताना चालतो, मंग ह्याला काय झालं? उगा मानसं खोळंबवू नका."

म्या लावलं. बोट बुडवलं, डब्याच्या कपाळावर टेकवलं. नारळ फुटला. मिस्तरींनी बटन दाखवलं, म्या दाबलं.

पंखा इवलासा हालला. आन थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा इवलासा हालला आन थांबला. मंग तेवढंही न्हाई. पोरगा मोबाईलमधनं इचारायला लागला, "झालं का चालू? आन्ना? झालं का?" मंग गिरनवालीनं सुस्कारा टाकला. "म्या म्हनलं हुतं," ती म्हनली. वाईट म्हनून न्हाई म्हनली. तिला खरंच वाटलं तसं.

मी घरात आले आन पीठ मळायला घेतलं. रडले-बिडले न्हाई. रडायचं काय त्यात? म्या मनात म्हनलं, बघ, उगाच म्होरं झालीस. त्या म्हाताऱ्यानं एवढ्या खेपा घातल्या, एवढा जीव लावला, आन तुज्या बोटानं इझवला.

दुसऱ्या दिसापास्नं मी शेडात गेले न्हाई. भाकर उंबऱ्यावर ठिवायची आन यायचं. गिरनीवर दळन न्यायला गेले की बाया बोलता बोलता थांबायच्या. एक म्हनली, "मावशी, तुमचा काय दोष?" दोष नसता तर कुनी तसं म्हनतं का? म्या लेकीला फोन लावला. "येऊ का गं तुज्याकडं?" ती म्हनली, "ये की, आई." तिच्या घरात तिची सासू, दीर, जावा, सगळ्यांची दाटी. तरी म्या गोधडीचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठिवलं. तांबडीला कुनाकडं सोडावं, एवढाच इचार ऱ्हायला हुता.

तिकडं मिस्तरी डबा उघडत हुते आन लावत हुते. सगळ्या तारा काढल्या, पुसल्या, घातल्या. डिसमिस लावून ऐकलं. बंद पडलेल्या वस्तूचा काय आवाज येनार? मी वाट बघत हुते, कवा म्हनतील "कंपनीची चूक" म्हनून. म्हनले न्हाईत. उंबऱ्यावर भाकर ठिवायला गेले, तर नुसतेच म्हनले, "आक्का, बॅटरी धरता का जरा?"

"नको मिस्तरी. आधीच झालं तेवढं पुरं."

मिस्तरी माज्या खोलीत बघत हुते. कोपऱ्यात गाठोडं हुतं. बघितलं आन भाकर घेऊन गेले.

पहाटं पानी आनायला गेले, येऊन बघते तर गाठोडं सुटलेलं, भांडी एका बाजूला नीट लावलेली आन गोधडी गायब. बाहेर आले. शेड मोकळं, डबा न्हाई. गिरनवाली झाडता झाडता म्हनली, "तुमच्या गोधडीत कायतरी गुंडाळून पयल्या एष्टीनं गेले."

आता गोधडीशिवाय कर्जतला कसं जायचं? बसले. मुद्दाम न्हेली का डबा आपटू नये म्हनून न्हेली, ते इचारायचं माजं राहूनच गेलं.

सांजच्याला आले. घरी न्हाई आले. डोक्यावर डबा, डब्यावर माजी गोधडी, तसेच गिरनीसमोर जाऊन उभे ऱ्हायले. दळनाला बाया बसल्या हुत्या. गिरनीच्या आवाजात कुनाला ऐकू जाईना, तर वरडले, "बंद कर गं ती!"

गिरनवालीनं घाबरून बंद केली.

"ऐका," मिस्तरी म्हनले. "चूक माजी."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मी माज्या दारात हुते. मिस्तरींच्या तोंडून ह्ये दोन शबुद म्या तवर ऐकले नव्हते.

"नगरला जाऊन इचारून आलो," म्हनले.

"तुमी? इचारलं?" गिरनवाली म्हनली.

"इचारलं. दुकानात गर्दी हुती, सगळ्यांच्या म्होरं इचारलं, बाबा, का चालंना? त्यानं काचंतनं बघितलं आन हसला. फळी पत्र्याला टेकवली का, म्हनला, तर लाईट पत्र्यात उतरती आन यंत्र आपनहून बंद पडतं. मधी पाय लावायचे असतात, पितळंचे. ते म्या जास्तीचे म्हनून काढले. कुंकवाचा काई संबंध न्हाई. बोटाचा न्हाई. ऐकलं का? चालू कर आता गिरन."

मंग माज्याकडं आले आन म्हनले, "आक्का, चंची काढा."

"दुकानात नव्हते का पाय?"

"देत हुता, बसवून देतो म्हनला. म्या म्हनलं, हात लावू नको, माजे घरी हायेत."

चंची पालथी केली. सुपारी, कात, आन तिच्यात ते पितळंचे तुकडे, काईंना चुना लागलेला. मिस्तरींनी एक एक पायजम्याला पुसून घेतला. बॅटरी मी धरली. फळी काढली, पाय लावले, फळी पुन्हा बसवली. पायांवर फळी उचलली गेली, तर मागली भोकं आपनहून खिडकीच्या जागंला आली. पन खिडकी तर घासून मोठी केलेली. त्या फटीला मिस्तरींनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला आन माज्याकडं बघितलं न्हाई. आन बरं का, सगळे पाय लावून झाले, तर एक पितळंचा तुकडा उरलाच.

"बघा!" मिस्तरी म्हनले. "जास्तीचं देत्यातच!"

चालू करायची येळ आली. म्या गिरनवालीला बोलावलं. म्हनलं, "आता तू लाव गं. माजं एकदा झालं."

मिस्तरी एवढे भडकले की कोंबडी उडाली. "कळतं का तुमाला काई? यंत्र दुरुस्त करताना एका बारीला एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या आन चालू झालं, तर कशानं झालं ते कसं कळनार? पाय म्या बदलले. आता बोट बी बदललं, तर ही आळी म्हनंल बोटानंच झालं. न्हाई चालनार. हात त्योच पायजे, कुंकू त्येच, बटन त्येच."

मंग त्यांनी सगळं पयल्यासारखं मांडलं. गिरनवालीला म्हनले, "तू तिथं हुतीस, तिथंच उभी ऱ्हा. न्हाई, जरा मागं." तिच्या सासूला दारात उभं केलं. पोराला फोन लावून पान्यांच्या फळीला टेकवला. पोरगा म्हनला, "आन्ना, मी कामावर हाय." "तू मागल्या बारीला हुतास. गप ऱ्हा," मिस्तरी म्हनले. दुसरा नारळ आनला.

म्या बोट बुडवलं. मागल्या बारीला मला भ्या नव्हतं, फक्त लाज हुती. आता मातर भ्या हुतं. ह्या बारीला न्हाई झालं, तर म्हाताऱ्याकडं दुसरं काई नव्हतं बदलायला.

"आक्का, श्वास घ्या," मिस्तरी म्हनले.

दाबलं.

पंखा हालला. थांबतो का, म्हनून सगळे वाकले. न्हाई थांबला. घुमायला लागला. टेबलावरच्या काचंत उजेड आला, पांढरी अक्षरं धावायला लागली. पोरगा मोबाईलमधनं टाळ्या वाजवत हुता. मिस्तरींनी काचंकडं बघितलंच न्हाई. डिसमिस डब्याला लावला, कान लावला, डोळे झाकले. लई येळ तसेच.

"कसं हाय?" म्या इचारलं.

"बेरिंग चांगलं हाय."

गिरनवालीनं पानी आनून सगळ्यांना दिलं. मला आधी दिलं.

एवढा जीव खाऊन जोडला तो कंपूटर, पन त्याचा उपेग मिस्तरींनी काय केला म्हनाल तर काई न्हाई. नातू काचंत दिसायचा, आजोबा आजोबा करायचा, आन मिस्तरींचा कान पंख्याकडं. शनवारी सगळा सोडायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. बॅटरी धरायला मी. हर शनवारी मिस्तरी म्हनायचे, "आक्का, उजेड कामावर," आन हर शनवारी बटन मी दाबायची. गोधडी काई पुन्हा गाठोड्यात गेली न्हाई.

मागल्या उन्हाळ्यात मिस्तरी आडवे झाले. डॉक्टर येऊन गेला, नळी लावून ऐकून गेला. मिस्तरींचा त्याच्यावर इस्वास न्हाई. उशाखालचा डिसमिस काढला, आपल्याच छातीला लावला, पन मूठ कानापत्तर पोचंना. मला म्हनले, "आक्का, तुमी ऐका."

म्या कान लावला. आत थांबत थांबत चाललं हुतं.

"बरं चाललंय, मिस्तरी."

"खोटं बोलता. मला हितनं ऐकू येतंय." मंग म्हनले, "डिसमिस ठिवा तुमच्याकडं. जास्तीचा हाय."

पोरगा भला हाय. खोली त्यानं मलाच ऱ्हाऊ दिली, कंपूटर बी शेडातच ठिवलाय. शनवारी फडकं मारते, बटन दाबते, पंखा फिरला की बंद करते. सोडायला मातर जात न्हाई. मला काय येतंय त्यातलं.

परवा गिरनवालीनं नवी गिरन बसवली. दारात येऊन उभी. हातात हळदी-कुंकवाची कोयरी. "मावशी, चला. कुंकू तुमी लावा."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पदर सारखा केला, निघाले. गिरनीत जाऊन बघते तर आत सगळा अंधार, फिटरनं पट्टा चढवलेला, आन कोपऱ्यात पोत्यावर तिची सासू बसलेली. हातात बॅटरी. अजून चालूच हुती, बंद करायची इसरली हुती.

म्या म्हनलं, "बॅटरी कुनी धरली गं?"

"सासूबाईंनी. सकाळधरनं धरत्यात. का?"

"मंग मला कशाला बोलावती?"

गिरनवालीनं माज्याकडं बघितलं. मंग सासूकडं बघितलं. म्हातारी घाबरून उठायलाच लागली, "अगं न्हाई, मला न्हाई चालत, मी आपली बसते हितं..." कोयरी म्याच घेतली आन तिच्या म्होरं धरली. म्हनलं, "म्हातारे, उगा मानसं खोळंबवू नको."

तिनं लावलं. गिरन सुरू झाली. म्हातारी तिथंच उभी, आपलं लाल बोट दुसऱ्या हातात धरून.

कमरंला खोचलेला डिसमिस म्या काढला, टोक गिरनीला लावलं, मूठ कानाला. बाया हसायला लागल्या. फिटर म्हनला, "काय मावशी, काय म्हनती गिरन?"

मला त्यातलं काई कळत न्हाई. नुसतं घरघर घरघर ऐकू येत हुतं. तरी म्या डोळे झाकले, चांगली येळभर ऐकलं, डिसमिस पदराला पुसला आन म्हनलं, "बेरिंग चांगलं हाय."